बुटाची नाडी सुटली नव्हती

सुगत,

मनूला कळवायचं काम माझ्यावर आलं. तुझ्या फोनमध्ये त्याचा नंबर 'मनू घाना' या नावाने होता. तुझ्या बहिणीने, सुजाताने तो मला कागदावर लिहून दिला आणि ती म्हणाली, "दादा, तूच सांग. मला त्याच्या भाषेत रडायला जमणार न्हाय."

दोन दिवस टाळलं. मग माणगावला, कंपनीच्या गेटबाहेर, जेवणाच्या सुट्टीत उभा राहून फोन लावला. तो हसतच म्हणाला, "कॅप्टन! कसा हाय?" तूच शिकवलेलं ते 'कसा हाय'. मी माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. पलीकडून रस्त्याचा आवाज येत होता, कुणीतरी सारखा हॉर्न वाजवत होतं. मग त्याने विचारलं, "अपना गोलकीपर?" जणू आपल्याकडे दोन सुगत होते आणि मी दुसऱ्याबद्दल बोलत होतो.

फोन ठेवायच्या आधी तो म्हणाला, "वो अकेला बैठा था मेरे लिए."

त्यात आरोप नव्हता. असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. तो फक्त तुझी आठवण काढत होता. मी "हां" म्हणालो, डबा तसाच बंद केला आणि मशीनवर गेलो. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. तुझ्याशी बोलायचं दोन वर्षं राहून गेलेलं, आणि आता तू ऐकायला नाहीस तेव्हा मला वाचा फुटली आहे. तू हसला असतास. "दिन्या, शिट्टी वाजून गेली रे," असं म्हणाला असतास.

तुझी वाडी ओढ्याच्या पलीकडे, आमची कुणब्यांची घरं अलीकडे. पण बोर्ली पंचतनच्या शाळेत जायची वाट एकच, त्यामुळे पाचवीपासून आपण बरोबर. पुढे तू एसटीच्या डेपोत मेकॅनिक झालास आणि मी माणगावच्या कंपनीत लागलो, तरी कापणी झाली की रिकाम्या खाचरात बांबूचे गोलपोस्ट रोवायला आपण दोघंच पहिले. तू गोलमध्ये. मी तुझ्या पुढे, बचावात. सबंध मॅचभर तुझा आवाज माझ्या पाठीत असायचा. "दिन्या, डावीकडं! दिन्या, मागं सोडू नको! दिन्या, झोपलास काय!" बाकीच्यांना वाटायचं तू मला शिव्या घालतोस. मला मात्र त्या आवाजामुळे मागे वळून बघावं लागायचं नाही. आता कामावरही कुणी मागून हाक मारली की मी दचकतो.

आणि शनिवारच्या संध्याकाळी तुझ्या घरी इंग्लंडच्या मॅचेस. तुझी ती निळी प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर तू उलटा बसायचास, पाठीवर हनुवटी टेकून. तिथेच आपलं भांडण सुरू झालं.

तुला आठवतं, पहिल्यांदा सगळे खेळाडू शिट्टीच्या आधी एक गुडघा टेकून बसले तेव्हा मी विचारलं होतं, "हे काय, प्रार्थना?" तू सांगितलंस की अमेरिकेत पोलिसांनी एका काळ्या माणसाला रस्त्यावर दाबून मारलं, त्यावरून हे चाललंय, काळ्या खेळाडूंना मैदानात जे ऐकावं लागतं त्याच्यासाठीही आहे. तेव्हा स्टेडियम रिकामी होती. मग लोक परत आले, आणि खेळाडू बसले की अर्धे लोक टाळ्या वाजवायचे नि अर्धे हुर्यो करायचे. स्वतःच्याच टीमची हुर्यो. ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा तू खुर्चीवरून उठलास. टीव्हीच्या अगदी जवळ गेलास, जणू गर्दीतले चेहरे तुला ओळखायचे होते.

मी म्हटलं, "लोकांचं पण बरोबर हाय. मॅच बघायला येतात ते. हे नाटक कशाला?"

"दहा सेकंदांचं नाटक," तू म्हणालास. "पाच मिनिटं जाहिराती बघतोस, तेव्हा तुझं काय दुखत न्हाय."

"पण गुडघा टेकून होतं काय? कुणाचं काय बदललं?"

"काहीच होत नसंल तर हे ओरडतात कशाला? ज्याला काही अर्थच न्हाय, त्याच्यावर कुणी एवढं चिडंल काय?"

मी म्हटलं, "जाऊदे, कॉर्नर बघ."

मग एक काळा खेळाडूच म्हणाला की आता हा नुसता रिवाज झालाय, मी बसणार नाही, ताठ उभा राहीन. मी ती बातमी घेऊन मुद्दाम डेपोत आलो होतो. तू बसखाली होतास, फक्त पाय बाहेर. मी वाकून सांगितलं, "बघ, त्यांचाच माणूस म्हणतो." तू सरपटत बाहेर आलास, तोंडाला काळं ऑइल. "त्याच्या उभं राहण्यात आणि तुझ्या उभं राहण्यात फरक हाय, दिन्या," म्हणालास. "त्यानं सगळं सोसून मग ठरवलंय. तू काय सोसलंस?" आणि परत आत गेलास.

मी चिडलो होतो. कारण मला वाटलं तू आता इंग्लंडबद्दल बोलत नाहीस.

बोलत नव्हतासच. मोठ्या फायनलला पेनल्टी चुकलेल्या इंग्लंडच्या त्या तीन काळ्या पोरांना लोकांनी फोनवर काय काय लिहिलं, ते तू दुसऱ्या दिवशी सकाळी मला वाचून दाखवलंस. चहा गार होईपर्यंत वाचत होतास. मी म्हटलं, "हरल्यावर लोक बोलतात रे. आपल्याकडं पण काळ्या, जाड्या, टकल्या कुणालाही म्हणतात. कुणी एवढं मनावर घेत न्हाय."

तू फोन खाली ठेवलास. "माझ्यासमोर मला कोण काय बोलत न्हाय, दिन्या. तू नसलास की बोलतात. तू असलास की नुसते हसतात."

मी म्हटलं, "कोण हसतं? नाव सांग."

तू नाव सांगितलं नाहीस. मला ते माहीत होतं. सुगत, ते मला माहीत होतं, हे मी तुला कधीच सांगितलं नाही. बाजारातल्या चहाच्या टपरीवर माझा मामेभाऊ नितीन एकदा तुझ्या नोकरीवरून म्हणाला होता, "ह्यांचं बरं हाय, सरकारचे जावई." सगळे हसले. मी पण हसलो. मोठ्याने नाही, पण हसलो. तेवढ्यात तू रस्ता ओलांडून आलास. तू ऐकलं होतंस की नव्हतं, कोण जाणे. आल्या आल्या तू चहा सांगितलास, आणि नितीनलाही सांगितलास.

मनूला तू आणलंस. नवी मुंबईत कॉलेजला होता, उरणच्या एका स्पर्धेत तुझ्याविरुद्ध खेळला आणि तुला एकाच मॅचमध्ये दोनदा चकवलं. तू दुसऱ्या टीमवर चिडण्याऐवजी त्याचा नंबर घेऊन आलास. नाव इमॅन्युएल. काकीला, तुझ्या आईला, ते म्हणता येईना. दोनदा प्रयत्न करून तिने "मनू" करून टाकलं, आणि मग तो सगळ्या गावाचाच मनू झाला. पहिल्या दिवशी तिने त्याला तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. काकी घाबरली, "तिखट झालं काय रे?" तो मान हलवत राहिला, आणि तू आम्हाला सांगितलंस, "त्याची आई पण सुकी मासळी करते म्हणतो." मी पण तिथेच जेवत होतो. त्या दुपारी तुमच्या ओटीवर आपण चौघं किती हसलो होतो! ती दुपार मला तू दिलीस. अशा पुष्कळ दिल्यास.

आणि मग ती फायनल.

किनाऱ्यावरच्या त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. चांगली माणसं तिथेही होती. एका म्हाताऱ्याने मनूला पाणी आणून दिलं होतं. पण मैदानाच्या कडेला दोर बांधलेला, आणि दोराला चिकटून गर्दी. मनू डावीकडून खेळत होता, म्हणजे पूर्ण पहिला हाफ त्या गर्दीला घासून. त्याने गोल केला आणि ते सुरू झालं. आधी 'ए काळ्या'. मग माकडाचे आवाज. मग कुणीतरी केळ्याचं साल टाकलं. ते त्याच्या बुटाजवळ पडलं. त्याने ते उचललं, दोराच्या बाहेर नीट ठेवलं आणि परत आपल्या जागेवर गेला. त्यावर सगळे आणखी हसले. पंच घड्याळ बघत होता. मी कॅप्टन होतो. मी पंचाकडे गेलो नाही. मला वाटलं, एक-एक बरोबरी आहे, कशाला वातावरण बिघडवा.

हाफटाइमला ताडपत्रीखाली मनू लिंबू चोखत बसला होता. म्हणाला, "कोई बात नहीं, कॅप्टन." तू त्याच्यासमोर उकिडवा बसलास. हातमोजे काढलेस. मॅच संपेपर्यंत तू ते कधी काढायचा नाहीस, हाफटाइमलासुद्धा नाही.

"ऐका," तू सगळ्यांना म्हणालास. "दुसऱ्या हाफच्या शिट्टीआधी सगळ्यांनी एक गुडघा टेकायचा. दहा सेकंद. काय बोलायचं न्हाय, भांडायचं न्हाय. मनूसाठी."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"दिन्या, तू कॅप्टन. तू बसलास की सगळे बसतील," तू म्हणालास.

मी म्हणालो, "हां. बसू."

मी 'हां' म्हणालो होतो, सुगत. ते नाइलाजाने नव्हतं. त्या वेळी, त्या ताडपत्रीखाली, तुझे मोकळे हात बघून मी खरंच म्हणालो होतो.

मैदानात आलो. तू तुझ्या गोलमध्ये गेलास आणि खाली बसलास. एक गुडघा मातीत, मान खाली. मी मागे वळून बघितलं. मग गर्दीकडे बघितलं. दोराजवळ पुढेच नितीन उभा होता. त्याची सासुरवाडी त्याच गावातली. माइकवरचा माणूस म्हणाला, "गोलकीपरचं काहीतरी हरवलेलं दिसतंय!" हशा झाला. आणि नितीनचा आवाज, तो मी हजार आवाजांत ओळखला असता, "हरवलं न्हाय, ह्यांचं सगळीकडं तेच असतं!"

आणखी मोठा हशा. आपल्या टीममधले नऊ जण माझ्याकडे बघत होते.

मी खाली वाकलो. एक गुडघा जमिनीला टेकला, हे खरं आहे. आणि दोन्ही हातांनी बुटाची नाडी धरली. सोडली आणि परत बांधली. ती सुटली नव्हती. मी अशा बेताने वाकलो होतो की तुला वाटावं मी बसलो आणि नितीनला वाटावं मी नाडी बांधतोय. मग उभा राहिलो. कॅप्टन उभा आहे म्हटल्यावर बाकीचे उभेच राहिले. मनू मध्यावर उभा राहून तुझ्याकडे बघत होता. शिट्टी वाजली तेव्हा तू उठलास आणि मोजे घातलेस.

त्या हाफमध्ये तू तीन बॉल अडवलेस, जे कुणालाही अडवता आले नसते. चौथा माझ्या पायाला लागून आत गेला. हरलो. टीममधले म्हणाले, "सुगतचं लक्ष नव्हतं. ती नौटंकी केली ना." बॉल माझ्या पायाला लागून गेला, हे मी सांगायला हवं होतं. मी पाणी पीत राहिलो. मैदानात माझ्या पाठीत तुझा आवाज असायचा, त्या दिवशी तुझ्या पाठीमागे कुणीच नव्हतं.

परतीच्या टेम्पोत तू माझ्या शेजारी बसला होतास. म्हसळ्याच्या घाटात तू विचारलंस, "नाडी सुटली होती?"

"व्हय," मी म्हणालो.

"मग बरं," तू म्हणालास, आणि खिडकीबाहेर बघायला लागलास.

हे 'मग बरं' मी दोन वर्षं उलटसुलट करून बघितलं. तू विश्वास ठेवलास म्हणून 'बरं'? का मला आणखी खोटं बोलायला लागू नये म्हणून?

त्यानंतर तू प्रॅक्टिसला आला नाहीस. आम्ही दुसरा गोलकीपर बघितला. मनूचं शिक्षण संपलं, तो गेला. आपली मैत्री मोडली असं कुणीही म्हणालं नसतं. तू माझी बाईक दुरुस्त करायचास. माझ्या बाबांना चक्कर आली तेव्हा डेपोतून तसाच धावत आलास, अंगावर ऑइलचे कपडे, आणि त्यांना उचलून रिक्षात घातलंस. माझ्या मुलीच्या बारशाला सगळ्यांच्या आधी हजर होतास. पण शनिवारी मी तुझ्याकडे यायचा बंद झालो. तूही बोलावलं नाहीस. पाऊस, रस्ते, डिझेल, बदल्या, सगळ्यावर बोलायचो. फुटबॉलवर नाही. चांगली दोन माणसं एकमेकांना सांभाळून बोलतात तसं बोलायचो आपण, आणि आपल्यासारख्यांनी तसं बोलायचं म्हणजे किती दूर गेलो होतो.

यंदा सप्टेंबरात तुला ताप आला. काकीच्या खाचरात तुंबलेलं पाणी काढायला तू दोन दिवस अनवाणी उतरला होतास, पायाला कशाने तरी कापलं होतं. गोळ्या घेऊन कामावर जात राहिलास. तिसऱ्या दिवशी बाजारात भेटलास तेव्हा म्हणालास, "पोटऱ्या लय दुखतात रे." मी म्हणालो, "गोलकीपरच्या पोटऱ्या कशाला दुखतील? धावतोस कुठं तू?" तू हसलास. लेप्टोच्या तापात पोटऱ्याच आधी धरतात, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. पाचव्या दिवशी तुझे डोळे पिवळे झाले.

माणगावच्या हॉस्पिटलमध्ये पनवेलला न्यायच्या अॅम्ब्युलन्सची वाट बघत होतो. काकी कागद करायला काउंटरवर गेली. दहा मिनिटं आपण दोघंच होतो. तू डोळे मिटून पडला होतास, ओठ सुकलेले. मी चमच्याने पाणी दिलं. मग मी म्हणालो, "सुगत, तुला एक सांगायचंय."

तू डोळे उघडलेस. "सांग."

माझ्या तोंडात आलं होतं. खरंच आलं होतं. पण तुझे ते पिवळे डोळे बघून मला वाटलं, आत्ता सांगितलं तर तुला वाटेल मी तुला निरोप देतोय.

"बरा हो आधी. मग सांगतो."

"आत्ता सांग की," तू म्हणालास.

"घरी आल्यावर."

तू परत डोळे मिटलेस. तेवढ्यात अॅम्ब्युलन्स आली. तिसऱ्या दिवशी पनवेलहून तुला परत आणलं ते पांढऱ्या कपड्यात. वाडीत सगळ्यांनी त्रिसरण म्हटलं. मला ते पाठ आहे, तुझ्याबरोबर लहानपणी विहारात बसून झालेलं, पण मी नुसता ऐकत होतो. मी मागे उभा होतो. नितीन पण आला होता. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चांगला माणूस होता." मी त्याचा हात खांद्यावरून काढला. दोन वर्षं उशिरा, आणि तेही काही न बोलता. बोललो ते चार दिवसांनी, मामाच्या घरी, सगळ्यांसमोर. टपरीवर काय म्हणाला होता, दोराजवळून काय ओरडला होता, सगळं. तो म्हणाला, "गंमत होती रे, तू पण हसायचास." मी म्हणालो, "व्हय, हसायचो." मामी मध्ये पडली. आता आमचं बोलणं नाही. हे मी तुला कौतुकासाठी सांगत नाही. तू जिवंत असताना हे केलं असतं तर त्याला काही किंमत होती.

टीमच्या पोरांना तुझ्या नावाने एक मॅच ठेवायची आहे. सुरुवातीला सगळ्यांनी गुडघा टेकून बसायचं, असं ठरवत होते. मी नको म्हणालो. पोरं रुसली. पण आता बसायला काय लागतं, सुगत? आता कुणीही हसणार नाही. गेलेल्या माणसासाठी सगळं गाव बसेल.

राहिली काकी.

सुजाता परत सासरी गेल्यापासून मी संध्याकाळी तिच्याकडे जातो. पाणी भरलंय का बघतो, काही आणायचं असेल तर आणतो. गेल्या शनिवारी गेलो तर तिने टीव्ही लावून ठेवला होता. म्हणाली, "त्यो शनवारी हेच बघायचा ना? मला लावता येत नव्हतं, शेजारच्या पोरीनं लावून दिलं." स्वतः खाली चटईवर बसली होती. मीही खाली बसलो. खुर्ची रिकामी होती, तिच्यावर आम्ही दोघंही बसलो नाही.

हल्ली ते दर सामन्याला गुडघा टेकत नाहीत. वर्षातून काही ठराविक वेळाच. तो शनिवार नेमका त्यातला होता, मला ठाऊक नव्हतं. शिट्टीआधी बावीसच्या बावीस जण खाली बसले. स्टेडियममध्ये टाळ्या झाल्या, कुठेतरी एकदोन जण ओरडले.

काकी पुढे सरकली. "हेच काय ते? असंच बसला होतात ना तुमी दोघं?"

मी तिच्याकडे बघितलं.

"त्या दिवशी मनू जेवायला आला होता ना हरून आल्यावर," ती म्हणाली. "मी सुगतला विचारलं, काय झालं रे, तोंडं का पडलीत? तवा सांगितलंन मला. म्हणाला, लोक मनूला नको ते बोलत होते, म्हणून मी नि दिनेश गुडघा टेकून बसलो. आमी दोघंच बसलो. बाकीचे भ्याले."

टीव्हीवर खेळाडू उठले होते. बॉल फिरायला लागला होता. मी 'व्हय' म्हणू शकलो असतो. तुला खोटं पाडायचं, तेही तू नसताना, तुझ्या आईसमोर, याचा मला काय अधिकार होता? पण तुझ्या आईच्या मनात माझं ते चित्र मी तसंच राहू दिलं असतं, तर ती नाडी मी जन्मभर बांधत बसलो असतो.

"न्हाय काकी," मी म्हणालो. "तो एकटाच बसला होता. मी बसतो म्हणालो होतो. बसलो न्हाय. नाडी बांधायचं निमित्त केलं नि उभा राहिलो. मी उभा म्हणून बाकीचे उभे."

ती माझ्याकडे वळली.

"एकटाच?"

"एकटाच."

"नि लोक?"

"हसत होते."

तिने पदराने तोंड पुसलं. रडली नाही. मला वाटलं आता ती मला जा म्हणेल. मी त्याच तयारीने बसलो होतो.

"आयुष्यात माझ्याशी खोटं बोलला न्हाय तो," ती म्हणाली. "शाळेत नापास झाला तरी येऊन आधी मला सांगायचा. एकदाच बोलला. नि ते तुझ्यापायी बोलला."

सुगत, तू टेम्पोत 'मग बरं' म्हणालास आणि दोन तासांनी तुझ्या आईला हे सांगितलंस. म्हणजे तुला सगळं कळलं होतं. कळूनही तुझ्या घरात माझं पान तू मांडलेलंच ठेवलंस. दोन वर्षं मी तुझ्या दारातून आलो-गेलो, काकीच्या हातचा चहा प्यालो, तिने माझ्या मुलीला टोपडं शिवलं, आणि ते सगळं मला त्या एका खोट्यामुळे मिळत होतं. तू माझा बचाव करत होतास. ते काम माझं होतं.

मी हुंदका दाबायचा प्रयत्न केला, तो दाबला गेला नाही. काकीने मला गप्प केलं नाही. 'असू दे' म्हणाली नाही, माफ केलं असंही म्हणाली नाही. फक्त उठून पाण्याचा तांब्या आणला, माझ्यासमोर ठेवला आणि परत आपल्या जागेवर बसली. सामना संपेपर्यंत आम्ही तसेच बसून होतो. कोण जिंकलं ते मला आठवत नाही.

निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली. अंधार पडायला लागला होता, ओढ्याला अजून पाणी आहे. मी चपला घातल्या, मान वर करायचं धाडस होत नव्हतं.

"पुढच्या शनवारी लवकर ये," ती म्हणाली. "तो कडेचा माणूस मधेच झेंडा वर करतो नि खेळ थांबवतात, ते मला काय समजलं न्हाय."